हातभर खोल

बुंदी आमच्याकडे आली ती चपलांच्या खोक्यातून. भाचीनं झाकण उचललं तर आत पिवळट भुशात एक सोनेरी गोळा अंग मुडपून बसलेला. कानांची टोकं तेवढी हलत होती. भुशाला वास मात्र झकास होता, सुतार नुकताच काम आटपून गेल्यासारखा. “काय छान वास आहे गं!” असं म्हणणारी मीच. आईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि खोक्यात डोकावून पाहिलं. “जन्मभर उंदरांना पिंजरे लावले,” ती म्हणाली, “आता म्हणे विकत आणायचे.” पण तासाभरानं तीच देवघरातून वातींचा कापूस घेऊन आली. “त्या भुशावर कसं झोपेल बिचारं? टोचत असेल. हा अंथर खाली.”

म्हणजे पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी, अगदी मायेनं, त्या इवल्या जिवाच्या बिछान्यात दोन चुका घातल्या. एक वासाची, एक मऊपणाची. तिसरी दुकानदाराची होती: भुशाचा थर जेमतेम दोन बोटं होता. हॅमस्टरला खाली काय घालावं एवढाच साधा प्रश्न घेऊन मी वाचायला बसले आणि बघता बघता सीरियातल्या एका गव्हाच्या शेतात जाऊन पोचले.

आज दुकानातून, प्रयोगशाळेतून, मुलांच्या खोल्यांतून जे सोनेरी हॅमस्टर दिसतात, त्यांतले बहुतेक सगळे एकाच आईचे वंशज आहेत. ती आई १९३० च्या एप्रिलमध्ये अलेप्पो शहराजवळच्या एका शेतात सापडली. शोधणारे इस्रायल आहारोनी हे जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ. हा प्राणी शास्त्राला माहीत होता, पण कागदावर. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाऊस यांनी लंडनमध्ये अलेप्पोहूनच आलेल्या एका नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं होतं. जेरुसलेममधले परजीवीतज्ज्ञ सॉल अ‍ॅडलर तेव्हा काळा आजारावर काम करत होते, तोच आजार ज्यानं आपल्याकडे बिहार-बंगालला छळलं. त्यांना प्रयोगांसाठी सहज वाढवता येईल असा हॅमस्टर हवा होता. म्हणून आहारोनी निघाले. गावच्या शेखनं मजूर दिले, मजुरांनी उभ्या गव्हात खणायला सुरुवात केली, आणि पिकाची बरीच नासाडी झाल्यावर एक घरटं हाती लागलं. आत आई आणि तिची ११ पिल्लं.

घरटं किती खोल होतं? आहारोनींनी आठ फूट लिहून ठेवलंय. मला ते जरा जास्त वाटतं. खणणाऱ्याला आपला खड्डा नेहमीच खोल वाटतो. पुढे १९९०च्या दशकाच्या शेवटी जर्मन संशोधक रॉल्फ गाटरमान आणि त्यांचे सहकारी त्याच भागात गेले आणि त्यांनी बिळं नीट मोजली. खोली निघाली ३६ ते १०६ सेंटिमीटर, सरासरी ६५ च्या आसपास. काही बिळांमध्ये सगळ्या बोगद्यांची लांबी मिळून नऊ मीटरपर्यंत गेली. प्राणी किती मोठा? आपल्या वीतभरापेक्षाही लहान. बिळाची रचना साधीच: जमिनीतून सरळ खाली जाणारा एक दरवाजा, त्याच्या तळाशी झोपायची खोली, धान्याचं कोठार, आणि बाजूला एक आंधळी गल्ली, ती मोरी. एका बिळात एकच मोठा प्राणी. एकत्र कुटुंब यांना चालत नाही.

शोधाची पुढची गोष्ट थोडी क्रूर आहे. घरटं उघडं पडल्यावर आईनं एका पिल्लाचा तिथल्या तिथे जीव घेतला. घाबरलेल्या आहारोनींनी मग आईलाच मारलं आणि पिल्लं वाढवायला घेतली. ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोचली आणि तिथे त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं गेलं. पहिल्याच रात्री पाच जणांनी तळ कुरतडून पोबारा केला. उरली मूठभर, तीही आपसांत भांडणारी. नर-मादी एकत्र आणले की मारामारी. जातीचा पाळीव इतिहास तिथेच संपायचा.

तो संपला नाही याचं कारण, आणि हे वाचताना मी खुर्चीत सावरून बसले, बेडिंग आहे. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या हाइम बेन-मेनाहेम यांनी जाळीचा एक मोठा पिंजरा घेतला आणि वाळलेलं गवत ठासून ठासून जवळजवळ वरपर्यंत भरलं. वरती थोडीशीच जागा मोकळी, उजेडापुरती. मादीला सोडलं, ती गवतातून वाट कोरत खाली अंधारात गेली. मग नराला सोडलं. पाठलाग झाला, पकडापकडी झाली, आणि यावेळी भांडणाऐवजी समेट झाला. हॅमस्टरचे गर्भारपणाचे दिवस जेमतेम सोळा. वर्षभरात संख्या शंभराच्या पुढे गेली. १९३१ मध्ये अ‍ॅडलर काही जोड्या इंग्लंडला घेऊन गेले, म्हणतात की कोटाच्या खिशातून. १९३८ मध्ये अमेरिका. मग जगभर.

म्हणजे पाळीव हॅमस्टरची सगळी वंशावळ सुरू होते ती ठासून भरलेल्या गवताच्या एका पेटीतून. आणि आम्ही बुंदीला दोन बोटं भुसा घातला होता.

बेडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गादी येते, आणि घोटाळा तिथेच होतो. गादीवर आपण पडतो. हॅमस्टर बेडिंगच्या आत राहतो. त्याच्या लेखी ती जमीन आहे. भिंत, छप्पर, कोठार, मोरी, सगळं त्याला त्यातूनच कोरायचं असतं. त्यामुळे दुकानात पाकीट हातात घेऊन ‘मऊ आहे का?’ असं चाचपण्यापेक्षा ‘यात बोगदा टिकेल का?’ हे विचारलं पाहिजे. मी हे एका दुकानात खरंच विचारलं. काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे मेट्रोची कंत्राटदार आल्यासारखं पाहिलं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या संशोधकांनी हाच प्रश्न रीतसर विचारला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ नर हॅमस्टर होते, तीन गटांत. एका गटाला रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या सालींचा १० सेंटिमीटर थर, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ८०. बाकी पिंजरा सारखाच, फिरायचं चाकही सगळ्यांना. १० सेंटिमीटरवाले पिंजऱ्याच्या गजांना दात लावून तासन्‌तास कुरतडत बसत, चाकावरही जास्त धावत. ८० सेंटिमीटरवाल्या गटात गज कुरतडताना एकही सापडला नाही. ज्यांना खोली मिळाली त्यांनी बिळं केली. शिकवायला आई नव्हती, शेत कधी पाहिलेलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात गेलेल्या, तरी पंजांना सगळं ठाऊक होतं.

गज कुरतडणारा हॅमस्टर दिसला की ‘दात शिवशिवतायत’ म्हणून आपण लाकडाचा तुकडा देतो. चाकावर रात्रभर पळणारा दिसला की ‘काय उत्साह आहे’ म्हणून हसतो. ते दोन्ही पाहताना मला आता ते १० सेंटिमीटर आठवतात.

४० सेंटिमीटर म्हणजे साधारण आपला जुना ‘हात’, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. साड्यांचं नि सतरंज्यांचं माप. जमलं तर हातभर, नाही जमलं तर निदान वीतभर तरी खोल घालावं. बाजारात मिळणाऱ्या रंगीबेरंगी पिंजऱ्यांचा तळाचा ट्रे चार बोटांपेक्षा खोल नसतो, त्यामुळे त्यात हे होतच नाही. आम्ही अडगळीतली माशांची जुनी काचपेटी काढली. तिचा एक कोपरा तडकलेला होता, पाणी धरत नव्हती. बुंदीला पाणी नकोच होतं.

आता वासाकडे येऊ.

चीड आणि देवदार ही झाडं सुगंधी असतात ती आपल्यासाठी नव्हे. तो वास म्हणजे झाडाचं शस्त्र: कीड, बुरशी आणि कुरतडणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी बनवलेली रसायनं. चिडाच्या राळेतून टर्पेंटाइन निघतं हे आठवलं की मुद्दा लगेच कळतो. रंगकाम चाललेल्या खोलीत आपण रात्री झोपत नाही. हॅमस्टर मात्र नाक त्याच भुशात खुपसून दिवसभर झोपतो.

याचा सुगावा लागला तो एका भलत्याच प्रयोगातून. १९६० च्या दशकात अमेरिकेत एलियट व्हेसेल हे संशोधक उंदरांवर झोपेच्या औषधाचा अभ्यास करत होते. उंदीर ठरल्या वेळेपेक्षा बरेच लवकर जागे व्हायला लागले. औषध तेच, मात्रा तीच. मग पिंजऱ्यातला भुसा तपासला. सिडार आणि पाइनच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातले औषध मोडणारे एन्झाइम वाढले होते. बीच, बर्च, मेपल अशा कठीण लाकडाच्या भुशावर ठेवल्यावर वाढले नाहीत. १९६७ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. विचार करा, ज्या भुशाकडे कुणाचं लक्षही नसतं, तो मुकाट्यानं प्रयोगाची उत्तरं बदलत होता. उंदीर वास घेत होते आणि त्यांचं यकृत त्या वासाला विष समजून मोडायच्या कामाला लागलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यकृत कामाला लागलं म्हणजे लगेच बिघडलं असं नाही. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधून उडून जाणारी बरीच रसायनं निघून गेलेली असतात, आणि असा भुसा वापरणारे जाणकार आहेत. पण पाकिटावर ‘भट्टीत वाळवलेला’ असं आपल्या बाजारात मला तरी क्वचितच दिसलं. सुट्या भुशाचं तर काय सांगणार! वखारीतून येणाऱ्या भुशात चिडाची खोकी असतात, सागवान असतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे प्लायवूड. म्हणजे डिंक आणि फॉर्मलडिहाइड. सुतार ओळखीचा असेल आणि तो एकाच झाडाचं, रंग-पॉलिश न लावलेलं लाकूड रंधतोय हे डोळ्यांनी दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. त्यातही करवतीखालची पिठी नको. रंध्याखालून निघतात त्या कुरळ्या साली हव्यात. पिठी नाकात जाते, आणि हॅमस्टरचं नाक ते केवढं!

बाहेरच्या देशांत यासाठी अ‍ॅस्पेनचं नाव घेतलं जातं. अ‍ॅस्पेन म्हणजे पॉप्लरच्या कुळातलं झाड. लाकूड फिकट, हलकं, जवळजवळ बिनवासाचं. परदेशी वाटणारं हे कूळ खरं तर आपल्या दप्तरात असतं. भारतात पेन्सिलींसाठी काश्मीरमधल्या पॉप्लरचं लाकूड जातं. पंजाब-हरियाणात शेतांच्या बांधावर पॉप्लर लावतात, काड्यापेटीच्या काड्यांसाठी आणि प्लायवूडसाठी. मी भाचीला दोन पेन्सिली दिल्या, एक इथली आणि एक तिच्या काकानं परदेशातून आणलेली, सिडारची. दोन्हींना टोक काढून साली हुंगायला सांगितल्या. परदेशी सालींना तो जुन्या कंपासपेटीचा गोड वास होता. आपल्या सालींना काहीच नाही. “मग बुंदीला आपली पेन्सिल,” ती म्हणाली. बरोबर, पण रंग लावलेल्या पेन्सिलीचा कीस घालायचा नाही, हे पुढे जोडावं लागलं, कारण ती लगेच टोकयंत्र घेऊन बसली होती.

सुगंधी बेडिंग, लव्हेंडर घातलेलं, ‘फ्रेश’ लिहिलेलं, याबद्दल मी दोन ओळींपेक्षा जास्त खर्च करणार नाही. तो वास माणसाच्या नाकासाठी घातलेला असतो. जनावराचं सगळं जग वासानं रंगवलेलं असताना त्यावर अत्तर ओतण्यात काय अर्थ?

कापसाचं मात्र मला खरंच आश्चर्य वाटलं, आणि आईला पटवायला वेळ लागला.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच पेशी. एक पेशी, आणि लांबी दोन-तीन सेंटिमीटर! जिवंत असताना ती नळीसारखी असते. बोंड फुटलं, ऊन लागलं की सुकून चपटी होते आणि फितीसारखा पीळ खाते. या पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरतो. चरखा, सूतगिरणी, धोतर, सगळं त्या नैसर्गिक पिळावर उभं आहे. आई दर सोमवारी पाटावर बसून वाती वळते. चिमूटभर कापूस तळहातावर घ्यायचा, बोटानं पुढे लोटायचा, की झाली वात. ओढली तर तुटत नाही.

आता काचपेटीत बघा. हॅमस्टर झोपायच्या आधी घरट्यात गोल गोल फिरतो, माती थापल्यासारखं आजूबाजूचं सगळं अंगाभोवती दाबून घेतो. त्या फिरण्यात पायाखालचा कापूस वळला जातो. आई तळहातावर करते तेच ते पाय करतात, फरक एवढाच की वात वळता वळता पायालाच गुंडाळली जाते. हॅमस्टरचा पाय काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडासाच जाड. पीळ आवळला की रक्त थांबतं. तो सुटायला धडपडतो, धडपडल्यानं पीळ आणखी बसतो. पशुवैद्यांकडे असे पाय गमावलेले हॅमस्टर येतात, आणि घरच्यांना कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. दुकानात ‘हॅमस्टरसाठी’ म्हणून जी फुसफुशीत मऊ लोकर विकतात, तिचीही गत हीच.

दुसरा धोका गालात. हॅमस्टर हे नावच जर्मन भाषेतलं. ‘हामस्टर्न’ म्हणजे साठवून ठेवणं. सीरियात त्याला पडशीवाला अशा अर्थाच्या नावानं ओळखत. या पडश्या, म्हणजे गालांच्या आतल्या पिशव्या, खांद्यांच्याही मागे जातात. त्यांना मागे ओढून धरणारा स्नायू थेट पाठीच्या मणक्यांना बांधलेला असतो. आतलं अस्तर तोंडासारखं ओलसर नसून जवळपास कातडीसारखं कोरडं. त्यांतून दाणे येतात-जातात तसं घरटं बांधायचं सामानही येतं-जातं. कागदाचा तुकडा गेला तर बाहेर येतो. कापसाचा बोळा आत जाऊन चिकटला, दाण्याबरोबर गिळला गेला, तर आतडं बंद.

मी आईसमोर टिश्यू पेपरची एक पट्टी आणि कापसाची एक वात धरली. “दोन्ही ओढ.” पट्टी टर्रकन फाटली. वात नाही. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे जे फाटतं ते चांगलं. उलटंच आहे की सगळं!” उलटंच आहे. बेडिंग पारखायची याहून सोपी कसोटी मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. ओढल्यावर तुटलं पाहिजे, आणि तोंडात गेलं तर विरघळलं नाही तरी निदान मोडलं पाहिजे. बिनवासाचा, बिनरंगाचा साधा टिश्यू पेपर पट्ट्या करून दिला की झालं. घरटं तो स्वतः विणतो.

आता बोगदा टिकवायचा कसा, हे कोडं. नुसता कागदाचा लगदा घातला तर तो फुगतो, खड्डा पडतो, पण छप्पर बसतं. नुसत्या लाकडाच्या साली घातल्या तर त्या वाळूसारख्या घसरतात. आमची पहिली दोन बिळं अशीच ढासळली; बुंदी दर वेळी आतून डोकं काढायची, अंगावरचा भुसा झटकायची आणि पुन्हा कामाला लागायची. तोडगा सुचला तो आईलाच. तिच्या माहेरी मातीच्या भिंती होत्या. “नुसती माती कधी उभी राहते का?” ती म्हणाली. “तूस लागतं, गवताचे तुकडे लागतात. मग धरते.”

आणि खरंच तसं आहे. चिखलात गवत कालवलं की लांब काड्या ओढ सहन करतात आणि माती दाब सहन करते. दोघं मिळून भिंत. बेडिंगमध्ये हेच करायचं. कागदाचा लगदा, लाकडाच्या साली आणि वाळलेलं गवत, थरावर थर, आणि प्रत्येक थर तळहातानं चांगला दाबायचा. अगदी कणीक मळल्यावर थोपटतो तसं, पण जोरात. गवताच्या लांब काड्या सगळं एकमेकांत अडकवून ठेवतात. बेन-मेनाहेमनीही गवत ठासूनच भरलं होतं, सैल नाही.

गवताबाबत मात्र आपल्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आपल्या माळरानांवर जे गवत पिवळं पडतं त्यात कुसळी असते. पायजम्याला चिकटणारी, मोज्यातून आत शिरणारी तीच ती. कुसळाचं टोक पुढे सरकतं, मागे येत नाही; तशीच त्याची घडण आहे, बी जमिनीत शिरावं म्हणून. गालाच्या पिशवीत एक कुसळ शिरलं तर काय होईल याचा विचारही नको. म्हणून हातात चोळून, ओंब्या काढून घ्यायचं. भाताचा पेंढा चालतो, बारीक कापून. भाताचं तूस मात्र नको, जरी कोंबड्यांच्या शेडमध्ये ते सर्रास पसरतात. त्यात सिलिका भरपूर, धूळही भरपूर, आणि बोगदा शून्य. मक्याच्या कणसाचा भरडा ओला झाला की बुरशी धरतो. काथ्याचे तंतू तर दोरखंडच, कापसाचे थोरले भाऊ. मांजराची गठ्ठे होणारी माती ओल लागली की फुगते. तीच माती पोटात फुगली तर? वर्तमानपत्राबद्दल भाचीनं विचारलं. शाईचा काळा रंग बोटांना लागतो तो बुंदीच्या पोटावरच्या पांढऱ्या केसांना आणि जिभेलाही लागणार, म्हणून कोरेच कागद घेतले. जुन्या वह्यांची मागची पानं कामाला आली.

मुंबई-कोकणात आणि पुण्यातही पावसाळ्यात एक वेगळीच लढाई असते. हातभर खोल भुसा म्हणजे हातभर खोल ओल. कोंदट वास आला, पांढरी जाळी दिसली की तो भाग काढायचाच. नवं बेडिंग घालण्याआधी आम्ही गच्चीवर चादरीत पसरून त्याला कडक ऊन दाखवतो, गोधड्यांना दाखवतात तसं. जून ते सप्टेंबर ऊन नसतं म्हणून मे महिन्यातच दोन गोण्या वाळवून, बांधून ठेवायच्या. शेजारच्या काकूंना वाटलं आम्ही शेवया घातल्यात.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज मीही बाळगून होते. खोल बीळ म्हणजे गारवा, असं मला वाटे. शेतात तसंच असतं, कारण खालची जमीन अफाट असते आणि दिवसाची उष्णता तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. काचपेटीत तसं काही नाही. खोली ३६ अंशांवर गेली की दोन-चार दिवसांत पेटीतला भुसाही तिथेच येणार. वर तो ऊब धरून ठेवणारा, रजईसारखा. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात बेडिंगवर भिस्त ठेवून चालणार नाही, खोलीच गार हवी. आम्ही फुटक्या माठाचं बूड उपडं घालून त्याला दार कोरलं आणि ते एका लादीवर ठेवलं. दुपारी बुंदी बिळातून उठून तिथे पोट टेकून पडलेली असते. मातीला गारवा काय तो कळतो.

साफसफाईतही आमची चूक झाली. पहिल्या रविवारी आम्ही सगळी पेटी रिकामी केली, घासली, नवंकोरं सामान भरलं. बुंदी दोन रात्री वेड्यासारखी कडेकडेनं धावत होती. नंतर कळलं की सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधाच्या ग्रंथी असतात. चालता चालता भिंतींना अंग घासून तो घराला आपलं नाव लावत असतो. आम्ही तिचं नावच पुसलं होतं. तेव्हापासून नेहमीची मोरी तेवढी साफ करतो. ती सापडायला अवघड नाही, कारण सीरियातल्या बिळासारखीच तिनं पेटीच्या एका कोपऱ्यात आंधळी गल्ली काढली आहे, काचेतून पांढरट डाग दिसतो. हॅमस्टरचं मूत्र मुळातच गढूळ असतं, तो आजार नव्हे. बाकीचं बेडिंग कधी बदललं तर थोडं थोडं, निम्म्याहून अधिक जुनं तसंच ठेवून. कोठाराला हात लावायचा नाही. ताजी भाजी तिथे नेऊन कुजवली असेल तरच काढायची आणि जागी सुके दाणे ठेवायचे.

आणि एवढं सगळं करून बुंदी दिसते किती? फार कमी. भाचीची पहिली तक्रार हीच: “आत्या, हातभर घातलं आणि ती गायबच झाली.” खरं आहे. दोन बोटांच्या भुशावर ती दिवसभर समोर होती, गज चावत होती. आता संध्याकाळी साडेआठनंतर एखादं नाक. गंमत म्हणजे पिंजऱ्यातला हा निशाचर मूळ मुलखात तसा नाहीच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाटरमान आणि सहकाऱ्यांनी दक्षिण तुर्कस्तानातल्या जंगली माद्यांवर नजर ठेवली होती, तेव्हा त्या दिवसाउजेडी बाहेर येताना दिसल्या, सकाळी आणि संध्याकाळी, थोड्या थोड्या वेळासाठी. रात्री घरात. आपल्या घरात येऊन त्याच प्राण्यानं दिवसाची रात्र का केली, याची कारणं अजून शोधली जातायत.

परवा भाची काचेला नाक लावून बसली होती. बुंदी वर आली, गालात टिश्यूची अख्खी पट्टी कोंबली, डोकं दुप्पट झालं, आणि उलटी फिरून भोकातून खाली गेली. काचेच्या कडेनं आम्हांला बोगदा दिसत होता: ती उतरताना गवताच्या काड्या थरथरल्या, छपराला धक्का लागला, पण ढासळलं नाही. मग खालून पंजांची खरखर. एक काडी आत ओढली गेली, दुसरी ओढली गेली, कागदाचा एक चुरगळा खालून वर आला आणि भोकात घट्ट बसला.

“दार लावलं तिनं,” आई मागून म्हणाली. “दिवा बंद करा आता.”